धुक्यातील वाट

पौष महिन्यातील एखाद्या पहाटे वैरागच्या बसस्थानकावर जाऊन उभे राहावे. सोलापूरकडे जाणारी पहिली गाडी गाठण्यासाठी निघालेली माणसे शाली, मफलर, घोंगडी गुरफटून चहाच्या टपरीभोवती जमलेली असतात. एरवी येथून समोरचा रस्ता, रस्त्याच्या कडेची बाभळीची झाडे आणि त्यांच्या पलीकडील शाळूची हिरवी शेते कशी स्वच्छ दिसतात! आज मात्र यांपैकी काहीच दिसत नाही. जणू कोणी रात्रीतून सारा गाव कापसात गुंडाळून ठेवला आहे. गाडी येते ती प्रथम कानांना कळते. मग धुरकट पडद्यावर दोन फिकट गोल उमटतात, ते हळूहळू मोठे होतात, आणि अगदी अंगावर आल्यावर त्यांच्यामागे एस.टी.ची लाल आकृती उभी राहते. चढता चढता एखादे वृद्ध शेतकरी चालकाला म्हणतात, "पाव्हणं, धुई लई पडलीया. जरा दमानं घ्या."

या चार शब्दांत मोठे शहाणपण आहे. ते कसे, हे आपण या पाठात पाहू.

सोलापूर जिल्ह्याच्या बार्शी तालुक्यातील वैराग हे बाजारपेठेचे गाव बार्शी-सोलापूर रस्त्यावर, सोलापूरपासून सुमारे पन्नास किलोमीटर अंतरावर वसले आहे. हा मुलूख कोरड्या हवेचा आणि कमी पावसाचा. उत्तर भारतातील पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश या राज्यांत डिसेंबर-जानेवारीमध्ये धुके कित्येक दिवस हटत नाही. आपल्याकडे तसे घडत नाही. वर्षातून मोजक्याच पहाटे येथे दाट धुके पडते. शेतकऱ्याला ते नकोसे वाटते. तुरीचा फुलोरा गळेल, शाळूवर चिकटा येईल, द्राक्षाच्या वेलीवर रोग पडेल, या चिंतेने तो उजाडताच शिवाराकडे धाव घेतो. वाहन चालविणाऱ्याला मात्र त्याची तितकी धास्ती वाटत नाही, आणि खरा धोका येथेच आहे. ज्याला रोज धुक्यातून जावे लागते, त्याच्या अंगी सावधपणा आपोआप बाणतो. ज्याला वर्षातून पाच-सात वेळाच धुके भेटते, तो नेहमीच्या रस्त्यावरून नेहमीच्याच वेगाने निघतो.

आता हे धुके येते तरी कोठून?

आपल्या भोवतालच्या हवेत पाण्याची वाफ सदैव मिसळलेली असते. ती डोळ्यांना दिसत नाही. हवा जितकी उष्ण, तितकी अधिक वाफ तिच्यात राहू शकते. ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम वाफ राहू शकते. २० अंशांवर ती मर्यादा सुमारे १७ ग्रॅम आणि १० अंशांवर केवळ ९ ग्रॅमच्या आसपास येते. समजा, सायंकाळी २५ अंश तापमानाच्या हवेत दर घनमीटरला १२ ग्रॅम वाफ आहे. ही वाफ तिच्यात सहज सामावते. रात्र पडते. आकाश निरभ्र असेल, तर दिवसभर तापलेली जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देऊ लागते आणि झपाट्याने थंड होते. तिला टेकलेली हवाही थंड होते. तापमान १४ अंशांपर्यंत उतरले, की तीच १२ ग्रॅम वाफ त्या हवेला काठोकाठ होते. त्याहून थंडी वाढली, की जास्तीची वाफ हवेत मावेनाशी होते आणि तिचे पुन्हा पाणी होऊ लागते. काही पाणी गवताच्या पात्यांवर, पत्र्यावर, मोटारीच्या टपावर दव होऊन बसते. उरलेले हवेतील सूक्ष्म कणांभोवती जमून तरंगत राहते. तेच धुके.

यासाठी वारा अगदी मंद असावा लागतो. वारा जोराचा असेल, तर वरची उबदार हवा खाली येऊन मिसळते व धुके धरत नाही. आभाळ ढगाळ असेल, तर जमिनीची उष्णता ढगांमुळे पुष्कळशी राखली जाते. म्हणूनच निरभ्र, शांत आणि ओलसर रात्र ही धुक्याची रात्र होय. अवकाळी पाऊस पडून गेल्यावर आभाळ मोकळे झाले, की दुसऱ्या पहाटे धुके पडण्याचा संभव अधिक असतो. उसाची पाटाने भिजविलेली शेते, हिंगणी आणि जवळगाव येथील धरणांचे जलाशय, ओढ्यानाल्यांतील ओल, ही सारी त्या हवेला वाफ पुरवितात.

पावसाळ्यात आंबोलीच्या किंवा खंडाळ्याच्या घाटात जे धुके लागते, त्याची जात निराळी. तेथे समुद्रावरून आलेले ढगच डोंगराला टेकतात आणि रस्ता त्या ढगांच्या पोटातून जातो. आपले हिवाळी धुके आकाशातून उतरत नाही. ते जमिनीपासून वर चढते.

धुक्यात पाणी किती असेल असे तुम्हांस वाटते? ऐकून नवल वाटेल. बऱ्यापैकी दाट धुक्याच्या एका घनमीटरात ग्रॅमचा दहावा भाग एवढेच पाणी असते. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तीन मीटर उंच अशी खोली धुक्याने भरली, तर त्यातील सारे पाणी चहाचा अर्धा चमचाच भरेल. मग एवढ्याशा पाण्याने बाभळीची झाडे, शेते आणि अख्खी एस.टी. दिसेनाशी कशी होते? खडीसाखरेचा एक मोठा खडा घ्या. त्यातून पलीकडचे थोडेफार दिसते. तोच खडा खलबत्त्यात घालून कुटा. आता त्याची पांढरीशुभ्र भुकटी होईल आणि तिच्या पातळ थरातूनही काही दिसणार नाही. साखर तीच, पण तिचे असंख्य कण झाले आणि प्रत्येक कण प्रकाशाला आडवून भलतीकडे वळवू लागला. धुक्याचे तसेच आहे. त्याचा एक थेंब मिलीमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा धरला, तर एका घनमीटरात असे दोन कोटींहून अधिक थेंब भरतात. त्यांतून आरपार येण्याचा प्रयत्न करणारा प्रकाशकिरण वाटेत इतक्या वेळा वळविला जातो, की आपल्या डोळ्यांपर्यंत वस्तूचे रूप न येता केवळ पांढरेपणा येतो.

हवामानशास्त्रात, एक किलोमीटरपलीकडचे दिसेनासे झाले म्हणजे त्याला धुके म्हणतात. भारतीय हवामान विभागाने त्याच्या पायऱ्या ठरविल्या आहेत. पाचशे मीटरपर्यंत दिसत असेल, तर ते विरळ. दोनशे ते पाचशेच्या दरम्यान दिसत असेल, तर मध्यम. दोनशेच्या आत दाट. आणि पन्नास मीटरच्याही पलीकडचे दिसत नसेल, तर ते अतिदाट होय. महामार्गाच्या कडेला दर दोनशे मीटरवर लहान दगड रोवलेले असतात. एका दगडापाशी उभे राहून पुढल्या दगडाजवळचे झाड दिसत नसेल, तर आपण दाट धुक्यात आहोत असे खुशाल समजावे.

आता वाहनाच्या वेगाचे गणित करू. तुम्ही ते वहीत करून पाहावे अशी माझी इच्छा आहे. कारण धुक्यातील सारी सुरक्षितता या गणितावर उभी आहे.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. आपली एस.टी. जवळजवळ अकरा मीटर लांब असते. म्हणजे 'अरे' म्हणेपर्यंत दीड एस.टी.एवढे अंतर कापले जाते. समोर काही आडवे आले, तर चालकाच्या डोळ्यांनी ते पाहावे, मनाने ते ओळखावे आणि पायाने ब्रेक दाबावा, यांत काही वेळ जातो. तोवर वाहन पूर्ण वेगाने धावतच असते. ब्रेक लागल्यावरही ते जागच्या जागी थांबत नाही. काही अंतर घसटत जाते. वेग दुप्पट झाला, तर हे घसटण्याचे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. रस्ते कसे बांधावेत याचे नियम घालून देणारी इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था १९३४ साली स्थापन झाली. चालकाला थांबण्यासाठी समोर किती रस्ता मोकळा दिसावयास हवा, याचे तिने कोष्टक केले आहे. त्यात मनाच्या विचाराला अडीच सेकंद धरले आहेत. त्याप्रमाणे ताशी २० किलोमीटर वेगाला २० मीटर, ३० ला ३० मीटर, ४० ला ४५ मीटर, ६० ला ८० मीटर आणि ८० किलोमीटर वेगाला तब्बल १२० मीटर रस्ता दिसावा लागतो.

हे आकडे धुक्याशेजारी ठेवून पाहा. पन्नास मीटरच दिसत आहे आणि चालक ताशी ६० च्या वेगाने चालला आहे. पन्नास मीटरवर उभी असलेली वस्तू त्याला जेव्हा दिसते, तेव्हा थांबण्यासाठी त्याला ८० मीटर हवे असतात. उरलेले ३० मीटर कोठून आणायचे? ब्रेक कितीही उत्तम असो, हात कितीही सराईत असो, ते ३० मीटर कोणालाही आणता येत नाहीत. त्याने ४० चा वेग धरला असता, तर पाच मीटर राखून तो थांबला असता. 'जरा दमानं घ्या' या बोलण्याचा अर्थ हा आहे. वेग किती असावा हे मोटारीच्या शक्तीवरून ठरवावयाचे नाही. किती दिसते यावरून ठरवावयाचे.

येथे आणखी एक अडचण आहे. थंड हवा जड असते, म्हणून ती पाण्यासारखी उतारावरून वाहत जाऊन सखल जागी साचते. धुकेही तेथेच दाट होते. माळावरील रस्ता मोकळा असतो, चालक निर्धास्त होतो, वेग वाढवितो. आणि ओढ्याच्या पुलाकडे उतार लागताच वाहन एकाएकी पांढऱ्या भिंतीत शिरते. जाणते चालक म्हणूनच उतार आणि पूल दिसण्यापूर्वीच वेग कमी करतात. सूर्योदयाच्या वेळीही असाच चकवा बसतो. ऊन येऊ लागले म्हणजे धुके लगेच विरेल अशी आपली समजूत असते. पण कित्येकदा पहिल्या उन्हाने जमिनीलगतची हवा किंचित ढवळली जाऊन धुके काही काळ अधिकच दाटते. नेमकी तीच वेळ शाळेला निघण्याची, दूध पोहोचविण्याची आणि पहिल्या गाडीची असते.

अंधारात दिवे मोठे केले म्हणजे लांबचे दिसते, हे सर्वांना ठाऊक आहे. धुक्यात याच्या नेमके उलटे घडते. दिव्याचा वरचा, लांब जाणारा झोत कोट्यवधी थेंबांवर आदळून चालकाच्याच डोळ्यांवर परत येतो आणि समोर उजेडाची भिंत उभी राहते. म्हणून झोत खाली ठेवावा लागतो. धुक्यासाठी बनविलेले खास दिवे मोटारीच्या अगदी खालच्या अंगाला बसवितात. त्यांचा झोत रुंद आणि चपटा असतो. तो जमिनीलगत पसरून रस्त्याची कड दाखवितो आणि चालकाच्या नजरेच्या रेषेतील धुके उजळीत नाही. पिवळा प्रकाश धुके भेदून जातो, असे पुष्कळ लोक सांगतात. फ्रान्समध्ये तर १९३६ पासून १९९३ पर्यंत मोटारींना पिवळे दिवेच लावावे लागत. परंतु धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींहून इतके मोठे असतात, की ते सर्वच रंगांना जवळजवळ सारखेच विखुरतात. म्हणून तर धुके पांढरे दिसते. पिवळ्या रंगाने डोळ्यांना थोडा आराम वाटत असेल. वाट मात्र त्याने लांबत नाही.

बाहेर धुके असताना मोटारीच्या आत आणखी एक धुके तयार होते. माणसांच्या श्वासातील वाफ थंड काचेवर जमते आणि काच आतून पांढरी होते. चालक हाताने ती पुसतो, क्षणभर दिसते, पुन्हा काच झाकोळते. यावर उपाय सोपा आहे. काचेवर हवेचा झोत सोडणारे यंत्र चालू करावे, ते नसेल तर खिडकी बोटभर उघडी ठेवावी. थंडी वाजेल हे खरे. पण उघड्या खिडकीचा आणखी एक लाभ असा, की समोरून येणाऱ्या वाहनाचा आवाज कानांवर पडतो. डोळे अर्धे निकामी झाले असता कानांनी कामाला लागावे हे बरे.

धुक्यात एकटेपणाची भीती वाटते, म्हणून पुष्कळ चालक पुढल्या वाहनाचा लाल दिवा धरून त्याच्या मागोमाग जातात. रस्ता शोधण्याचे कष्ट वाचतात खरे. परंतु पुढच्याला जे दिसत नाही ते मागच्यालाही दिसत नाही, आणि पुढला अचानक थांबला तर मागच्याला थांबण्यास जागाच उरत नाही. एकामागून एक अनेक वाहने आदळण्याचे अपघात उत्तर भारतातील महामार्गांवर असेच घडतात. याहून वाईट सवय आहे ती भर रस्त्यात थांबण्याची. वाहन बिघडले, की त्याच्या मागे चार दगड आणि बाभळीची फांदी मांडून ठेवण्याची आपल्याकडे रीत आहे. पुष्कळदा वाहन दुरुस्त होऊन निघून जाते आणि दगड तेथेच राहतात! स्वच्छ उन्हातही जे दगड दुचाकीस्वाराला भारी पडतात, ते धुक्यात काय करतील हे सांगावयास नको. थांबावयाचेच असेल, तर वाहन रस्ता सोडून पूर्णपणे बाहेर घ्यावे आणि त्याचे लुकलुकणारे दिवे चालू ठेवावेत.

हे सारे मोटारवाल्यांविषयी झाले. परंतु वैरागच्या परिसरात हिवाळा हा केवळ धुक्याचा नव्हे, उसाचाही हंगाम असतो. राज्यात ज्या जिल्ह्यांत साखर कारखान्यांची संख्या सर्वाधिक आहे, त्यांत सोलापूरची गणना होते. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू झाले, की रात्रंदिवस उसाने लादलेले ट्रॅक्टर-ट्रेलर आणि टायरगाड्या रस्त्याने संथपणे चालू लागतात. बीडसारख्या दूरच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठी आलेली कुटुंबे या गाड्यांवर असतात. भल्या पहाटे मोळ्या भरून गाडीवान निघतो. त्याची कारभारीण शेजारी बसते, आणि उसाच्या राशीवर कांबळ्यात गुंडाळलेले, तुमच्याहून लहान असे एखादे मूल झोपलेले असते. बैल ताशी तीन-चार किलोमीटर चालतात. मागून येणारी मोटार त्यांच्या पंधरा-वीस पट वेगाने येत असते. मोटारीच्या दृष्टीने ती गाडी जवळजवळ उभीच म्हणावयाची.

पूर्वी गाडीवान रात्री निघताना गाडीच्या आखाखाली कंदील टांगीत असत. त्याचा उजेड बैलांच्या पायांपुढे पडे आणि मागून येणाऱ्यालाही तो डुलता ठिपका दिसे. त्या काळी मागून येणारीही बहुधा दुसरी बैलगाडीच असे. आता मोटारींचा वेग वाढला आणि कंदील मात्र नाहीसे झाले. समोरून येणाऱ्या मोटारीला निदान बैलांचे डोळे चमकताना दिसतात. बैलाच्या डोळ्यांत दृष्टिपटलाच्या मागे एक चकाकणारा थर असतो. त्यावर पडलेला प्रकाश आल्या वाटेने परत फिरतो. मांजराचे डोळे अंधारात चमकतात तेही याच कारणाने. पण गाडीच्या पाठीला डोळे कोठून असणार?

हाच विचार इंग्लंडमधील एका मनुष्याने रस्त्याच्या बाबतीत केला. यॉर्कशायर परगण्यातील हॅलिफॅक्स गावाजवळ पर्सी शॉ नावाचा रस्तेदुरुस्तीचा व्यवसाय करणारा एक गृहस्थ राहत असे. रात्री वळणावळणाच्या रस्त्याने घरी परतताना ट्रामचे गुळगुळीत रूळ त्याच्या दिव्यांत चमकत आणि त्याला वाट दाखवीत. पुढे ते रूळ काढून टाकण्यात आले. असे सांगतात, की एका धुक्याच्या रात्री कुंपणावर बसलेल्या मांजराचे डोळे त्याच्या दिव्यांत चमकले आणि तो वेळीच सावध झाला. रस्त्यालाच असे डोळे बसविले तर? १९३४ साली त्याने रबरात बसविलेल्या काचेच्या मण्यांचे एकस्व मिळविले. त्यावरून चाक गेले, की रबर दाबले जाऊन काचा आपोआप पुसल्या जात. रस्त्याच्या मधोमध आणि कडांना चमकणारे जे ठोकळे आज आपण पाहतो, ते त्याच कल्पनेचे वंशज होत.

वाहनांच्या मागे लावलेली लाल चकती किंवा चमकती पट्टी याच तत्त्वावर काम करते. साधा आरसा तिरका धरला, तर उजेड भलतीकडे फेकतो. या चकतीच्या आत मात्र एकमेकांशी काटकोन करणाऱ्या तीन-तीन चिमुकल्या भिंतींचे शेकडो कोपरे असतात. खोलीच्या कोपऱ्यात रबरी चेंडू जोराने मारला, तर तो भिंतींवर आपटून पुन्हा मारणाऱ्याकडेच येतो. तसा या कोपऱ्यांत शिरलेला प्रकाश जिकडून आला तिकडेच परततो. १९६९ साली चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांनी तेथे ठेवलेल्या परावर्तकातही असेच कोपरे आहेत. पृथ्वीवरून सोडलेला प्रकाश त्यावरून परत येतो व चंद्राचे अंतर मोजता येते. चंद्रावर जे चालते, ते वैरागच्या टायरगाडीवर का चालू नये?

आपल्याकडे या पट्टीला सर्रास 'रेडियम' म्हणतात. हे नाव चुकीचे आहे, आणि ही चूक नुसती शब्दाची नाही. मेरी आणि पिएर क्यूरी यांनी १८९८ साली शोधलेल्या रेडियम या धातूच्या साहाय्याने पूर्वी घड्याळांचे काटे अंधारात आपोआप चमकत ठेवीत. आपल्या पट्टीत रेडियम मुळीच नसते आणि ती स्वतः प्रकाशतही नाही. तिच्यावर कोणाचा तरी दिवा पडावा लागतो, तेव्हाच ती उजळते. शिवाय दिव्याचा प्रकाश धुक्यातून पट्टीपर्यंत जाणार आणि तेथून पुन्हा धुक्यातूनच परत येणार. दोन्ही खेपांना तो क्षीण होणार. मागे लावलेल्या दिव्याचा उजेड मात्र एकदाच धुके पार करतो. म्हणून स्वच्छ रात्री पट्टी पुरेशी वाटली, तरी धुक्याच्या पहाटे पट्टी आणि दिवा ही दोन्ही हवीत.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारींना मागे लाल परावर्तक असणे आवश्यक आहे. बैलगाडी ही काही मोटार नव्हे. तरीही ऊस हंगामाच्या आरंभी परिवहन विभाग, पोलीस आणि कारखाने मिळून ट्रेलरांना व टायरगाड्यांना परावर्तक लावण्याची मोहीम काढतात. काम चांगले आहे; पण पट्टी लावली म्हणजे ती दिसतेच असे नाही. उसाच्या मोळ्या गाडीबाहेर लांबवर आलेल्या असतात, त्यांचे वाढे खाली लोंबतात आणि फळीवर लावलेली चकती त्यांच्याआड बुडून जाते. राहिलेली जागा चिखलाने माखते. म्हणून लाल चमकते कापड उसाच्या शेवटच्या टोकालाच बांधावे, आणि निघताना अंगावरच्या पंचाने एकवार पुसावे. याला अर्धे मिनिट लागते.

रेल्वेला तर मार्ग सोडून बाहेर जाता येत नाही आणि चटकन थांबताही येत नाही. तिने धुक्यावर मोठा मजेदार उपाय काढला. सिग्नल दिसत नसेल, तर तो ऐकू यावा! १८४१ साली एडवर्ड काउपर या इंग्रज अभियंत्याने रुळावर ठेवण्याचा फटाका तयार केला. चाक त्यावरून गेले, की मोठा बार होतो आणि चालकाला कळते, की आता सिग्नल जवळ आला. भारतीय रेल्वेतही सिग्नलाच्या २७० मीटर आधी असे फटाके ठेवण्याची पद्धत आहे. आता उपग्रहांच्या मदतीने पुढला सिग्नल किती दूर आहे हे सांगणारे यंत्रही इंजिनात ठेवतात. लंडन शहरात ५ ते ९ डिसेंबर १९५२ या दिवसांत कोळशाचा धूर आणि धुके मिसळून असा काळोख पडला, की बसचे वाहक हातात पेटते पलिते घेऊन बसच्या पुढे चालू लागले. चालत्या माणसाच्या वेगाने बस चालली. पुढे तीही बंद ठेवावी लागली. ज्या शहराला आपल्या वाहतुकीचा मोठा अभिमान, त्या शहरालाही थांबणे भाग पडले.

तुम्ही अजून मोटार चालवीत नाही. परंतु सकाळी शाळेला पायी किंवा सायकलवर जाताच. चालकाला वाटते की आपल्याला दिसत नाही. पादचाऱ्याला मात्र वाटते की आपण दिसतो आहोत. मोटारीचे दिवे दुरून दिसतात म्हणून मोटारीलाही आपण तितक्याच दुरून दिसत असू, हा भ्रम आहे. गडद निळी पँट, तपकिरी स्वेटर आणि काळे दप्तर घेतलेला मुलगा धुक्यात मोटारीला फार उशिरा दिसतो. पांढरे धुक्यात मिसळून जाते, म्हणून नुसता पांढरा सदराही भरवशाचा नाही; दप्तराला शिवलेली चमकत्या कापडाची पट्टी अधिक उपयोगी. पायी जाताना रस्त्याच्या उजव्या कडेने, येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालावे, म्हणजे दिवा दिसताच मातीवर उतरता येते. घोळक्याने, हातात हात घालून निम्मा रस्ता अडवून चालण्याची मौज निराळी असते हे मला ठाऊक आहे. ती धुके उतरल्यावर करावी. सायकलला पुढे दिवा आणि मागे लाल चकती असावी, आणि सायकल मात्र डाव्या कडेनेच चालवावी.

इकडे वैरागच्या स्थानकावर गाडी अजून उभीच आहे. चालकाने समोरची काच बाहेरून आणि आतून पुसली आहे, मागचा लाल दिवा लागतो का हे वाहकाने खाली उतरून पाहिले आहे. सोलापूरच्या कोर्टात तारीख असलेले एक गृहस्थ घड्याळाकडे पाहून चुळबुळ करीत आहेत. घंटी वाजते. गाडी झोत खाली ठेवून, रस्त्याची डावी कड धरून, हळूहळू निघते. नऊ वाजण्याच्या सुमारास ऊन तापू लागते. धुके जमिनीपासून सुटून चिंध्या-चिंध्यांनी वर जाते. आधी बाभळी, मग शाळूची दवाने ओथंबलेली पाने, आणि शेवटी पूर्वेकडील बालाघाटाचे डोंगर दिसू लागतात. कोर्टातल्या तारखेचे गृहस्थ सोलापूरला वीस मिनिटे उशिरा पोहोचतात. वाटेत त्यांच्या गाडीने सात टायरगाड्या मागे टाकल्या. त्यांपैकी दोन गाड्यांच्या उसाला लाल कापड बांधलेले होते.